पन्नास मीटरचे आकाश

कंट्रोल लाइन विमान म्हणजे काय, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. छोटे इंजिन किंवा विजेची मोटर बसवलेले विमान, त्याच्या डाव्या पंखातून निघालेल्या दोन बारीक तारा, आणि त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला हँडल धरून मधोमध उभा असलेला माणूस. विमान त्याच्याभोवती गोल फिरते. हँडल कलवले की ते चढते किंवा उतरते. रेडिओ नाही, उपग्रह नाही, पडदा नाही. अशी विमाने कशी बांधावीत, कशी उडवावीत आणि चार जणांनी मिळून हा छंद कसा चालवावा, याची माहिती या पुस्तिकेत आहे. ती वाचण्याआधीच मनात प्रश्न येईल: ड्रोन सहज मिळत असताना तारेला बांधलेले विमान कशासाठी? त्या प्रश्नाचे उत्तर या प्रस्तावनेत द्यायचे आहे. माझे म्हणणे असे की मीरा-भाईंदरसारख्या दाटीवाटीच्या शहराला विमानछंदाचा हाच प्रकार सर्वांत चपखल बसतो, आणि जी तार त्याची उणीव म्हणून सांगितली जाते, तिच्यामुळेच तो बसतो. त्यापुढे जाऊन मी असेही म्हणेन की स्पर्धा आणि प्रात्यक्षिके यांच्यापेक्षा सुटीच्या सकाळी मैदानावर जमणाऱ्या हौशी मंडळींच्या हातात तो जास्त टिकेल.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते, कारण या शहरात सगळ्याच गोष्टींची सुरुवात तिथून होते. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला उत्तन-चौककडचा समुद्र आणि दक्षिणेला दहिसर; मधल्या पट्ट्यात मिठागरे, खारफुटी आणि उरलेल्या जागेत माणसे. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली होती. या शहरात मोकळी जागा नाही असे नाही. पण जी मोकळी दिसते ती बहुतेक मिठागराची, खाडीच्या चिखलाची किंवा खारफुटीची, आणि तिच्यावर माणसांचे खेळ मांडणे योग्य नाही. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि विमाने उडवायलाही तेच महिने बरे. तेव्हा खेळायला उरतात ती शाळांची पटांगणे आणि भाईंदर पश्चिमेच्या सुभाषचंद्र बोस मैदानासारखी मोजकी सार्वजनिक मैदाने. रेडिओवर चालणाऱ्या मध्यम आकाराच्या विमानाला उतरण्यासाठी पट्टी लागते आणि वळण्यासाठी शेकडो मीटरची मोकळी हवा. चहूबाजूंनी इमारती असलेल्या मैदानावर ती मिळत नाही. कंट्रोल लाइनचा हिशेब वेगळा आहे. अठरा मीटर लांबीच्या तारा, त्यापलीकडे सुरक्षिततेसाठी सात मीटरचे कडे, म्हणजे पन्नास मीटर व्यासाचे वर्तुळ. क्षेत्रफळ दोन हजार चौरस मीटरपेक्षा थोडे कमी, आपल्या मापात साडेएकोणीस गुंठे. पासष्ट मीटरवर सीमारेषा असलेल्या क्रिकेट मैदानाच्या सातव्या हिश्श्याइतकी ही जागा झाली. लहान विमानाला दहा मीटरच्या तारा पुरतात. सुरक्षिततेचे कडेही त्याच मानाने लहान धरले तर त्याचे वर्तुळ सात गुंठ्यांत मावते, आणि खो-खोच्या मैदानाला सव्वाचार गुंठे लागतात हे लक्षात घेतले तर हे काही अवाजवी मागणे नव्हे. उंचीलाही मर्यादा आहे. विमान तारेच्या लांबीपेक्षा वर जाऊच शकत नाही, म्हणजे फार तर सहा मजले. कोणाच्या खिडकीत डोकावणे, शेजारच्या गृहसंकुलावरून भरकटणे, रेल्वेच्या तारांकडे निघून जाणे हे प्रकार या विमानाच्या बाबतीत घडायचे तर आधी तार तुटावी लागते. तुटण्याच्या त्या शक्यतेकडे पुढे येतोच.

आता तार करते काय, ते पाहू. विमानाच्या पोटात, साधारण गुरुत्वमध्याजवळ, बेलक्रँक नावाचा छोटा त्रिकोणी तुकडा एका खिळीवर फिरता बसवलेला असतो. हँडलच्या वरच्या आणि खालच्या टोकांकडून आलेल्या दोन तारा त्याच्या दोन बाजूंना अडकवतात. तिसऱ्या बाजूकडून एक कडक सळई, पुशरॉड, मागे शेपटीपर्यंत जाते आणि तिथल्या हलत्या पात्याला, एलिव्हेटरला, जोडली जाते. मनगट मागे कलवले की वरची तार ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, सळई सरकते, एलिव्हेटर वर उचलला जातो आणि विमानाचे नाक वर होते. हातापासून शेपटीपर्यंतची ही साखळी पूर्णपणे दिसते. मधे कुठेही झाकलेला भाग नाही. पण ही साखळी चालते ती एका अटीवर: तारा ताठ हव्यात. त्या ताठ ठेवते ती वर्तुळगती. एक किलोचे विमान ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने, अठरा मीटरच्या वर्तुळात फिरत असेल तर तारांवर सुमारे साडेतीन किलोचा ताण येतो, आणि एक फेरी साडेचार सेकंदांत पुरी होते. वेग निम्मा झाला तर ताण एक चतुर्थांशावर येतो. विमान थेट डोक्यावर आले की त्याचे स्वतःचे वजन तारेच्या दिशेने खाली ओढू लागते आणि साडेतीनातला एक किलो कमी होतो. म्हणून माथ्यावरच्या कसरतीत वेग कमी पडला, किंवा वाऱ्याने विमान आत ढकलले, की तारा सैल होतात, हातातले नियंत्रण जाते आणि उडवणाऱ्याला झटपट मागे सरून तारा पुन्हा ताणून घ्याव्या लागतात. हे टाळण्यासाठी बांधतानाच काळजी घेतात: बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडे वजन, रडर किंचित बाहेर वळवलेला, काही वेळा इंजिनाचा आसही बाहेरच्या दिशेने, आणि तारा पंखातून निघतात ती जागा गुरुत्वमध्यापेक्षा जराशी मागे. अकरावी-बारावीच्या पुस्तकातले अभिकेंद्री बलाचे सूत्र मुले पाठ करतात आणि गणितात वापरतात. इथे ते मनगटाला जाणवते. वेग दुप्पट केला की ताण चौपट होतो हे एकदा हातानेच कळले, की ते सूत्र वेगळे पाठ करावे लागत नाही. माझ्या मते या छंदाचे शैक्षणिक मोल इथे आहे, आणि ते कोणत्याही पडद्यावरच्या सिम्युलेटरने मिळणारे नाही.

बांधलेले उड्डाण हे कमअस्सल उड्डाण, असे ज्यांना वाटते त्यांनी विमानविद्येचा इतिहास पाहावा. जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये फिरत्या दांड्याच्या टोकाला पंख लावून त्याच्यावर किती उचल येते हे मोजले. आधुनिक विमानाच्या कल्पनेला त्या मोजमापाचा आधार आहे. १८७९ मध्ये फ्रान्समधल्या शाले-मदाँ इथे व्हिक्टर तातँ यांचे दाबलेल्या हवेवर चालणारे छोटे विमान खांबाला बांधून वर्तुळात धावले आणि जमिनीवरून उचलले गेले. राइट बंधूंनी १९०० मध्ये किटी हॉकला नेलेले पहिले ग्लायडर बहुतेक वेळ दोरांवर पतंगासारखेच उडवले; त्याचे नियंत्रणही जमिनीवरून दोऱ्यांनी करून पाहिले. या सगळ्यांना बांधून उडवण्यात कमीपणा वाटला नाही, कारण बांधलेले यंत्र पुन्हा हाती येते, मोजता येते, दुरुस्त करता येते. आज आपण ज्याला कंट्रोल लाइन म्हणतो त्याचा बाजारातला जन्म अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातला. पोर्टलंडच्या जिम वॉकर यांनी १९४० मध्ये 'फायरबॉल' नावाचे विमान विकायला आणले आणि 'यू-कंट्रोल' या नावाने पद्धतीचे पेटंट मिळवले. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरे आणि डोक्यावरच्या टोपाला जोडलेले तिसरे, अशी तीन विमाने ते एकाच वेळी उडवून दाखवत. पुढे १९५५ मध्ये इंजिनांचे उत्पादक लिरॉय कॉक्स यांच्याबरोबरच्या खटल्यात हे पेटंट टिकले नाही: त्याच राज्यातल्या ओबा सेंट क्लेअर यांनी बेलक्रँकची हीच रचना १९३७ मध्येच करून उडवली होती, हे न्यायालयाने मान्य केले. पेटंट कोणाचे हा वाद आज गौण आहे. त्यातून दिसते ते हे की दोन तारा, एक त्रिकोणी तुकडा आणि एक सळई एवढी सोपी ही कल्पना कार्यशाळा नसलेल्या माणसालाही घरच्या घरी सुचू आणि साधू शकत होती. ती सोपी होती म्हणूनच पसरली.

पहिला आक्षेप कंटाळ्याचा. विमान गोल फिरते, त्यात पाहायचे काय? ज्यांनी फक्त सपाट फेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना हे वाटणारच. पण विमान ज्यावर फिरते ते वर्तुळ नसून अर्धगोल आहे. उडवणाऱ्याच्या डोक्यावर पालथा घातलेला एक पूर्ण घुमट त्याला मोकळा असतो. आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाच्या, म्हणजे एफएआयच्या, कसरतींच्या प्रकारात त्या घुमटावर सात मिनिटांत आकृत्या काढाव्या लागतात: आतले आणि बाहेरचे गोल वेढे, चौकोनी वेढे, त्रिकोण, आडवा आठ, उभा आठ, माथ्यावरचा आठ, वाळूच्या घड्याळाचा आकार, चार पाकळ्यांचे पान. मधे दोन फेऱ्या विमान पालथे उडवायचे असते, आणि पालथ्या विमानाला हँडलच्या खुणा उलट्या लागतात. चौकोनी वेढ्याचा कोपरा खरोखर चौकोनी दिसावा म्हणून विमाने बांधणाऱ्यांनी पंखांनाही झडपा दिल्या आणि त्या एलिव्हेटरशी उलट दिशेने जोडल्या. १९५० च्या दशकातल्या जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या 'नोब्लर' या विमानाने हा मार्ग घराघरांत नेला. दुसरा प्रकार वेगाचा, तिसरा सांघिक शर्यतीचा, चौथा झुंजीचा, ज्यात शेपटीला बांधलेली प्रतिस्पर्ध्याची कागदी पट्टी आपल्या विमानाच्या पंख्याने कापायची. या नियमांतली मापेही पाहण्यासारखी आहेत. शर्यतीसाठी तारेची त्रिज्या १५.९२ मीटर का? कारण तेवढ्या त्रिज्येची एक फेरी बरोबर १०० मीटर होते आणि शंभर फेऱ्यांत १० किलोमीटर पुरे होतात. वेगाच्या प्रकारात त्रिज्या १७.६९ मीटर, तिथे नऊ फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो. गणिताच्या शिक्षकाने वर्गात परिघाचे सूत्र शिकवताना हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांना कारण शोधायला सांगावे, अशी माझी मनापासून सूचना आहे. चक्कर येते, असाही एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. सुरुवातीला येतेच. नजर मागच्या इमारतींवर न ठेवता विमानावर खिळवली आणि पहिली उड्डाणे थोड्या फेऱ्यांची ठेवली तर ती हळूहळू थांबते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज ड्रोनचा काळ आहे. पिकांवर फवारणी, जमिनीची मोजणी, पुरातला शोध अशी खरी कामे ड्रोन करतात. मुलांना त्याचेच शिक्षण द्यावे, तारेच्या विमानात वेळ का घालवावा? ड्रोनच्या उपयोगाबद्दल दुमत नाही, आणि कंट्रोल लाइन शिकून कोणाला नोकरीचे प्रमाणपत्र मिळणार नाही हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण शिक्षणाच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. चार पंख्यांचा ड्रोन स्वतःहून स्थिर राहूच शकत नाही. त्याच्यातले संवेदक आणि संगणक दर सेकंदाला शेकडो वेळा चारही मोटरींचा वेग बदलून त्याला सावरत असतात. शिकणारा बोट उचलतो तेव्हा ड्रोन हवेत थांबतो, कारण यंत्राने त्याच्या वतीने विचार केलेला असतो. तारेच्या विमानाला सावरणारे कोणी नाही. गुरुत्वमध्य बोटभर मागे गेला तर ते चंचल होते, फार पुढे असला तर वळत नाही, पंख पिळलेला असला तर तारा सैल पडतात. चूक लाकडात असते आणि ती शोधून लाकडातच सुधारावी लागते. स्थिरता ही आकारातून आणि वजनाच्या वाटपातून येते, हे ज्याला एकदा समजले, तो पुढे ड्रोनही अधिक समजून घेऊन उडवेल. चारकोपच्या घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले, २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली. मीरा रोडपासून ती गच्ची लोकलने तीन स्थानकांवर आहे. त्या विमानाचे कौतुक आपण मोकळ्या मनाने केले, ते योग्यच. मात्र तशी जिद्द ज्या वयात जागी होते त्या वयातल्या मुलांना स्वतःच्या हाताने बांधून उडवण्याची जागा आपल्या उपनगरांत कुठे आहे, हा प्रश्न त्या कौतुकात मागे राहिला.

आपल्याकडे कंट्रोल लाइन टिकून राहिली ती मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेमुळे. छात्रसेनेची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाली तेव्हा मुंबई आणि कोलकाता अशा दोनच तुकड्या होत्या, म्हणजे या विषयात मुंबईचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. एरोमॉडेलिंग हवाई छात्रांच्या शिक्षणाचा भाग आहे, आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात कंट्रोल लाइन उड्डाणाची स्पर्धाही होते. आयात इंजिने परवडत नव्हती तेव्हा कोलकात्याच्या 'ऑरोरा' डिझेल इंजिनांवर अनेकांचा हात बसला. ईथर, केरोसीन आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर ही इंजिने चालत. पुण्यात सदानंद काळे यांनी प्रात्यक्षिकांतून एरोमॉडेलिंगचा विषय असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत नेला. या कामांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट सांगावीशी वाटते. शिबिराची स्पर्धा निवडक छात्रांसाठी असते आणि 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा झाली की बहुतेकांचा त्या हँडलशी संबंध संपतो. प्रात्यक्षिक प्रेक्षक तयार करते, टाळ्या मिळवते, पण बघणारा दुसऱ्या दिवशी कुठे जाऊन शिकणार? या दोन्हींच्या मधली पायरी आपल्याकडे रिकामी आहे, आणि ती म्हणजे जवळच्या मैदानावर, ठरलेल्या वेळी, बक्षीस-परीक्षकांविना जमणारा गट. स्पर्धेविना दर्जा घसरतो, असे यावर म्हटले जाईल. उच्च पातळीवर ते खरे आहे. माथ्यावरचा आठ परीक्षकाच्या धाकाविना क्वचितच रेखीव होतो. पण पहिल्या शंभर फेऱ्या घालणाऱ्याला परीक्षक नको असतो, त्याला मोडलेला पंख चिकटवायला मदत करणारा हवा असतो.

आणि कंट्रोल लाइनची घडणच अशी आहे की ती एकट्याने नीट होत नाही. हँडल धरणारा वर्तुळाच्या केंद्रात असतो, विमान अठरा मीटरवर जमिनीवर. इंजिन चालू करून ते धरून ठेवायला आणि खूण होताच सोडायला दुसरा माणूस लागतो. तारा एकमेकींत न गुंतता पसरायला, बाहेरच्या कड्यावर लक्ष ठेवायला, कोणी मूल चेंडूमागे धावत आत येत असेल तर ओरडायला आणखी एखादा असला तर बरे. शिवाय एका वर्तुळात सहसा एकच विमान. म्हणजे एकाचे पाच मिनिटांचे उड्डाण चालू असताना बाकीचे बसलेले, पाहत, बोलत, पुढच्या विमानाच्या तारा तपासत. रेडिओच्या किंवा ड्रोनच्या छंदात प्रत्येक जण आपापल्या रिमोटवर मान खाली घालून रमू शकतो. इथे वाट पाहणे हा खेळाचाच भाग आहे आणि त्या वाट पाहण्यातच शिकणे होते: निवृत्त फिटर शाळकरी मुलाला सोल्डर कसे धरावे ते दाखवतो, मुलगा त्याला बॅटरीच्या चार्जरचे बटण समजावतो. गृहसंकुलांच्या फाटकांनी वाटल्या गेलेल्या शहरात वेगवेगळ्या वयांची, भाषांची आणि उत्पन्नांची माणसे एका कामात अडकून दोन तास एकत्र राहतील अशी निमित्ते थोडी आहेत. माझ्या लेखी हे कारण विज्ञानशिक्षणाइतकेच वजनदार आहे.

आता धोका. तो लपवून कोणताही छंद सुरू करू नये. सेकंदाला २५ मीटरने जाणाऱ्या एक किलोच्या विमानात सुमारे ३१० ज्यूल ऊर्जा असते. तार तुटली तर ते त्या क्षणाच्या स्पर्शरेषेने सरळ बाहेर जाते आणि माणसाला गंभीर इजा करू शकते. म्हणून नवशिक्यांच्या गटाने हलक्या विमानापासूनच सुरुवात करावी, हा या पुस्तिकेचा आग्रह आहे. तीनशे ग्रॅमचे विमान सेकंदाला १५ मीटरने उडवले तर ऊर्जा ३४ ज्यूलवर येते, म्हणजे नवव्या हिश्श्याच्या आसपास. कसरतीच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात उड्डाणाआधी तारा आणि हँडल यांना विमानाच्या वजनाच्या दहापट ओढून पाहतात. वरच्या उदाहरणात प्रत्यक्ष ताण साडेतीनपट आहे, तेव्हा या चाचणीत जवळजवळ तिप्पट राखीव बळ तपासले जाते. हौशी सकाळ आहे म्हणून ही चाचणी कधीही गाळू नये. हँडलचा पट्टा मनगटाला बांधल्याशिवाय विमान सोडू नये. तारा पोलादाच्या असतात, म्हणून विजेच्या उघड्या वाहिन्यांपासून दूर राहण्याचा नियम सर्वांत कडक; अमेरिकेतल्या संघटनेने त्यासाठी पन्नास फुटांचे अंतर ठरवले आहे आणि मी त्याहून अधिकच ठेवायला सांगेन. वळवाचे ढग दिसले की तारा गुंडाळाव्यात. ईथरचे इंधन पटकन पेट घेते, इंजिनाचा आवाज शेजाऱ्यांना त्रास देतो. या दोन्हींवर उपाय विजेची मोटर हाच आहे. ठराविक मिनिटांनी मोटर बंद करणारा टायमर त्यात बसवतात, त्यामुळे उड्डाण कधी संपणार हेही आधीच ठरलेले असते. संक्रांतीच्या नायलॉन मांजाने पक्ष्यांचे आणि दुचाकीस्वारांचे काय होते ते आपण पाहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली. आणखी एका धारदार दोरीची भर कशाला, असे कोणी विचारेल. मांजाची इजा होते ती तो कापला जाऊन झाडांवर, रस्त्यांवर सुटा लटकत राहतो म्हणून. कंट्रोल लाइनची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, ठरलेल्या वर्तुळात फिरते आणि उड्डाण संपताच रिळावर गुंडाळून घरी जाते.

पैशांचा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही. हलके बाल्सा लाकूड मुख्यतः इक्वाडोरमधून येते आणि महाग पडते, पण शिकण्याचे विमान छोट्या जाहिरात-फलकांच्या पन्हळी प्लास्टिक पत्र्याचे, फोमचे किंवा पातळ प्लायवुडचेही होते. असे विमान जमिनीवर आपटले तरी बहुधा त्याच सकाळी पुन्हा उडते. लहान विमानांना पोलादी तारेऐवजी मासेमारीसाठी वापरतात ती वेणीसारखी विणलेली न ताणणारी दोरी चालते, आणि उत्तन-भाईंदरच्या किनाऱ्यावर मासेमारीचे सामान शोधायला लांब जावे लागत नाही. साधी एकेरी नायलॉन दोरी मात्र ताणली जाते. ती वापरू नये. उडवण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ सकाळची. दुपारकडे समुद्राचा वारा पश्चिमेकडून जोर धरतो, आणि वारा येतो त्या बाजूला विमान आले की ते आत ढकलले जाऊन तारा सैल पडतात. म्हणून विमान सोडायची जागाही वाऱ्याची दिशा पाहूनच ठरवायची. उत्तनचा किनारा याच महिन्यांत बोंबील सुकवण्याच्या बांबूंनी भरलेला असतो. तिथे हा खेळ नेऊन कोणाच्या पोटावर पाय देऊ नये.

मैदाने क्रिकेटची आहेत, हा शेवटचा आक्षेप, आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत अवघड ठरतो. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हटवून विमाने उडवणे मला मान्य नाही. पण मागणी पूर्ण मैदानाची नाही आणि पूर्ण दिवसाचीही नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यातले पन्नास मीटर, महिन्यातल्या दोन रविवारी, सकाळी सात ते नऊ, चार महिने. एवढ्यासाठी महानगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा, शाळेचे पटांगण असेल तर मुख्याध्यापकांचे पत्र घ्यावे आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या संबंधित ठाण्याला आधी कळवावे. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. उडत्या साधनांवर मनाईचे आदेशही वेळोवेळी निघतात, आणि तार असलेले विमान पाहून सामान्य हवालदाराने चौकशी केली तर त्यात त्याची चूक नाही. अर्जासोबत वर्तुळाचा नकाशा, विमानाचे वजन, तारेची लांबी आणि ओढ-चाचणीची पद्धत जोडावी. त्या अर्जाचा नमुना पहिल्याच प्रकरणात दिला आहे, विमानाच्या आराखड्याच्याही आधी, कारण जागा मिळण्यापूर्वी बांधलेली विमाने कपाटावर धूळ खात पडतात. नमुन्यातली वर्तुळाची त्रिज्या कोरी ठेवली आहे. ती आपल्या मैदानावर फीत लावून मोजूनच भरावी.